मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट: सामन्याआधी पारडं कसं तोलायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न येऊ लागतात. मिशिगन विद्यापीठाच्या गावी, ॲन आर्बरला, नुकती शिकायला आलेली पोरं विचारतात, त्यांचे आईवडील पुण्या-नाशिकहून विचारतात, ऑफिसातले नवीन सहकारी विचारतात. मी मूळची कोल्हापूरची, २००४ साली इथे शिकायला आले आणि इथलीच होऊन गेले. मी मिशिगनची चाहती आहे हे आधीच सांगते, म्हणजे कुठे माझं माप झुकतं वाटलं तर तुम्हाला कारण ठाऊक असेल.

हा सामना नक्की कोणता, आणि त्याचं एवढं काय?

मिशिगन विद्यापीठ आणि ओहायो स्टेट विद्यापीठ यांच्यातला अमेरिकन फुटबॉलचा सामना. पहिला १८९७ मध्ये ॲन आर्बरला झाला, मिशिगनने तो ३४–० असा जिंकला. १९१८ पासून तो दरवर्षी होतो, खंड पडला तो फक्त २०२० च्या कोविडच्या वर्षी. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारनंतर येणारा शनिवार, सहसा दुपारी बाराची वेळ. विषम वर्षी आमच्या ॲन आर्बरला, सम वर्षी त्यांच्या कोलंबसला. आमच्या मैदानात १,०७,६०१ माणसं बसतात, त्यांच्याकडे १,०२,७८०. इथली माणसं त्याला नुसतं ‘द गेम’ म्हणतात आणि कुणालाही पुढे काही विचारावं लागत नाही.

कोल्हापूरकरांना मी एवढंच सांगते: शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ सामना असला की आदल्या आठवड्यात पेठेतल्या चहाच्या गाड्यावर जी चर्चा रंगते, कोणाचा गुडघा दुखतोय, गोलकीपर कोण उभा राहणार, तीच चर्चा इथे एका अख्ख्या राज्यात चालते. खेळ वेगळा आहे, पण तोलणारी माणसं अगदी तशीच आहेत.

गुण कसे मिळतात, ते दोन ओळींत सांगाल?

टचडाउनचे (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की) ६, त्यानंतरच्या किकचा १ (किंवा पुन्हा चेंडू आत नेला तर २), फील्ड गोलचे (लाथेने चेंडू खांबांमधून मारला की) ३, सेफ्टीचे (समोरच्याला चेंडूसकट त्याच्याच टोकाच्या पट्ट्यात अडवलं की) २. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. पुढचं वाचायला एवढं पुरे.

“ओहायो स्टेट मायनस साडेसात” म्हणजे काय?

म्हणजे सट्टाबाजाराच्या मते ओहायो स्टेट सात-आठ गुणांनी सरस आहे. याला स्प्रेड म्हणतात. ओहायो स्टेटच्या बाजूने असलेल्याला ते किमान आठ गुणांनी जिंकायला हवेत. मिशिगनच्या बाजूने असलेल्याला मिशिगन सातने हरलं तरी चालतं. अर्धा गुण मुद्दाम ठेवतात, म्हणजे बरोबरी होऊन कुणाचे पैसे परत करायची वेळ येत नाही.

दुसरा प्रकार मनीलाईन, म्हणजे फक्त कोण जिंकणार एवढंच. समजा ओहायो स्टेट −३०० आणि मिशिगन +२४० असा भाव आहे. ओहायो स्टेटवर ३०० डॉलर लावले तर जिंकल्यावर वर १०० मिळतात, मिशिगनवर १०० लावले तर वर २४०. यातून शक्यता अशी निघते: ३०० भागिले ४०० म्हणजे ७५ टक्के, आणि १०० भागिले ३४० म्हणजे साधारण २९.४ टक्के. बेरीज करा, १०४.४ येते. शंभरावरचे ते साडेचार टक्के म्हणजे दुकानदाराचा, सट्टा घेणाऱ्या कंपनीचा, हिस्सा. बातमीत “मिशिगनला २९ टक्के संधी” असं थेट भावावरून लिहिलेलं दिसलं, तर त्यात हा हिस्सा मिसळलेला असतो. खरी संधी त्याहून जरा कमी धरा.

तिसरा प्रकार एकूण गुणांचा: दोन्ही संघांचे मिळून ४४ च्या वर की खाली. हवामानाची चर्चा तापते ती या आकड्यावर.

हा आकडा ठरवतं कोण? आणि आठवडाभर तो हलतो का?

सट्टा घेणाऱ्या कंपन्यांकडे प्रत्येक संघाचं गुणांकन असतं. दोन संघांच्या गुणांकनातला फरक, त्यात मैदानाचा फायदा, दुखापती, असं करून रविवारी भाव उघडतो. मग अभ्यास करून मोठी रक्कम लावणारे लोक त्यावर तुटून पडतात आणि त्यांच्या पैशाने आकडा सरकतो. दोन्ही बाजूंना सारखे पैसे यावेत म्हणून कंपनी आकडा हलवते, असं सर्रास सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. जाणकार माणसाने एका बाजूला लावलेली रक्कम हजार हौशी लोकांच्या रकमेपेक्षा आकड्याला जास्त हलवते.

चाहत्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की शनिवारी सकाळचा आकडा हा रविवारच्या आकड्यापेक्षा शहाणा असतो. मधल्या सहा दिवसांत कळलेलं सगळं त्यात उतरलेलं असतं.

३ आणि ७ या आकड्यांना एवढा भाव का?

कारण सामने फील्ड गोलच्या किंवा टचडाउन-अधिक-किकच्या फरकाने संपतात. म्हणून अडीच आणि साडेतीन यांत दिसतो त्यापेक्षा कितीतरी मोठा फरक आहे, तर साडेनऊ आणि साडेदहात फार नाही. २०२४ चा आमचा निकाल १३–१०. तीनच गुण.

स्प्रेडवरून जिंकायची शक्यता काढता येते का?

ढोबळ येते. तीन गुणांचा फेव्हरिट (ज्याचं पारडं जड धरलंय तो संघ) दहातले सहाच्या आसपास सामने जिंकतो, सात गुणांचा सातच्या आसपास. चौदाला गेलं की दहातले आठ-साडेआठ. वीसच्या पुढे अंडरडॉग (ज्याचं पारडं हलकं धरलंय तो) विसात एखाद-दुसरा सामना मारतो.

कॉलेजच्या खेळात हे अंदाज व्यावसायिक संघांपेक्षा जास्त चुकतात. अठरा ते बावीस वर्षांची पोरं खेळतात, संघ दरवर्षी बदलतो, आणि सामने इतके थोडे असतात की कोण खरंच किती चांगलं आहे हे कळेपर्यंत हंगाम संपत येतो. ऑक्टोबर २००७ मध्ये स्टॅनफर्डवर जवळपास चाळीस गुणांचं ओझं होतं आणि त्यांनी यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) त्यांच्याच मैदानावर २४–२३ हरवलं. त्याच्या महिनाभर आधी, १ सप्टेंबरला, ॲपलॅचियन स्टेट हा खालच्या विभागातला संघ ॲन आर्बरला आला आणि पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला ३४–३२ हरवून गेला. शेवटची किक त्यांनी अडवली. त्या दिवशी मी मैदानात होते. लाखभर माणसं एकाच वेळी गप्प होतात तेव्हा जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा आवाज केवढा येतो, ते मला अजून आठवतं. तेव्हापासून “हे जमूच शकत नाही” हे वाक्य मी कुठल्याच सामन्याआधी बोललेले नाही.

क्रमवारीत वरचा संघ म्हणजेच फेव्हरिट ना?

नाही. क्रमवारी मागे काय केलंत त्याचं बक्षीस देते, स्प्रेड पुढे काय होईल ते सांगतो. वरच्या क्रमांकाचा संघ स्प्रेडमध्ये अंडरडॉग असणं अगदी नेहमीचं आहे.

“या सामन्यात कागदावरचं काही चालत नाही” असं म्हणतात. खरं आहे का?

हा मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं.

लांबचा काळ घेतला तर कागद बऱ्यापैकी चालतो. ओहायो स्टेटचा संघ बळकट होता तेव्हा त्यांनी २०१२ ते २०१९ असे सलग आठ सामने आम्हाला हरवलं, आणि त्यातले बहुतेक वेळा तेच फेव्हरिट होते. चमत्कार लक्षात राहतात. अपेक्षेप्रमाणे झालेले सामने विसरले जातात, आणि म्हणून कागद खोटा वाटतो.

पण अलीकडची वर्षं बघा. २०१८ मध्ये कोलंबसला जाताना मिशिगन चारेक गुणांनी फेव्हरिट होतं आणि ३९–६२ असं फुटलं. २०१९ ला फेव्हरिट ओहायो स्टेट जिंकले. २०२१ ला ॲन आर्बरच्या बर्फात अंडरडॉग मिशिगन ४२–२७ ने जिंकलं. २०२२ ला कोलंबसला पुन्हा अंडरडॉग, पुन्हा विजय, ४५–२३. २०२३ ला मिशिगन थोडं फेव्हरिट होतं, ३०–२४. २०२४ ला जवळपास वीस गुणांचं अंडरडॉग, १३–१०. २०२५ ला ओहायो स्टेट फेव्हरिट म्हणून आले आणि २७–९ जिंकून गेले. सात सामन्यांत चार वेळा पारडं उलटं फिरलं. सात ही संख्या लहान आहे, त्यावर नियम बांधू नका. तरी त्यात एक गोष्ट सलग दिसते: जो संघ धावून चेंडू पुढे नेऊ शकला, तो जिंकला. २०२१ मध्ये मिशिगनने धावून २९७ यार्ड काढले, हसन हॅस्किन्सने एकट्याने पाच टचडाउन केले. आठवडाभर चर्चा चालली होती ती ओहायो स्टेटच्या पासिंगची.

जुन्यांना विचाराल तर ते १९६९ कडे बोट दाखवतील. ओहायो स्टेट पहिल्या क्रमांकावर, सलग बावीस सामने अजिंक्य, सतरा गुणांनी फेव्हरिट. आदल्या वर्षी त्यांनी मिशिगनला ५०–१४ चिरडलेलं. मिशिगनचे प्रशिक्षक बो शेम्बेकलर यांचं इथलं पहिलंच वर्ष, आणि समोर ज्यांच्या हाताखाली ते शिकले ते वुडी हेज. मिशिगन २४–१२ जिंकलं. सगळे गुण पहिल्या अर्ध्यातच झाले होते, दुसऱ्या अर्ध्यात कुणाला एकही नाही. मिशिगनने सहा पास मधल्यामध्ये पकडले. इथे आकडा का चुकला याचं कारण मला कळतं: बो यांना समोरच्या गुरूचा डाव आतून माहीत होता, आणि असली माहिती कुठल्याच गुणांकनात धरता येत नाही.

२०२४ ला वीस गुणांचा अंदाज एवढा कसा चुकला?

मिशिगन ६–५ अशा अवस्थेत आलं होतं, क्वार्टरबॅकचा (आक्रमण चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या खेळाडूचा) प्रश्न वर्षभर सुटलेला नव्हता. सर्वात चांगला बचावपटू विल जॉन्सन बाहेर, सर्वात भरवशाचा पास झेलणारा कोल्स्टन लव्हलंड बाहेर. ओहायो स्टेट दुसऱ्या क्रमांकावर. वीस हा आकडा मला तेव्हा वाजवी वाटला होता आणि आजही वाटतो.

पण आकडा म्हणजे सरासरी, आणि सरासरीच्या आत एक विशिष्ट जुळणी लपलेली होती. ओहायो स्टेटच्या आक्रमक फळीतला डावा टॅकल ऑक्टोबरमध्येच जायबंदी झाला होता आणि मधला सेंटर नोव्हेंबरमध्ये. म्हणजे त्यांच्या भिंतीची मधलीच वीट काढलेली. आणि मिशिगनची एकच बाजू खरोखर भक्कम होती, ती नेमकी तिथेच: मध्ये उभे राहणारे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. ओहायो स्टेटला धावून ७७ यार्ड मिळाले, तरी ते पुन्हा पुन्हा मधूनच घुसायला बघत राहिले. त्यांचे दोन फील्ड गोल हुकले, दोन पास मिशिगनने पकडले. शेवटी ४५ सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडाने २१ यार्डांवरून किक मारली आणि झालं.

एक लक्षात घ्या. तोच ओहायो स्टेट संघ पुढे २० जानेवारी २०२५ ला नोत्र दामला ३४–२३ हरवून राष्ट्रीय विजेता झाला. ते चांगले होते हे बाजाराचं म्हणणं बरोबरच होतं. एका शनिवारी, एका जागी, ते अडले. म्हणून सामना तोलताना “कोण चांगलं आहे” एवढ्यावर थांबू नका, “कोणाची कोणती बाजू कोणाच्या कोणत्या बाजूवर येते” हे मांडून बघा. मला तरी वीस वर्षांत याहून कामाची दुसरी गोष्ट सापडलेली नाही.

सामन्याच्या आठवड्यात काय काय बघता?

आधी दोन्ही बाजूंच्या पुढच्या फळ्या, वर सांगितलं तसं. मग दुखापती. बिग टेन, म्हणजे हे दोन्ही संघ ज्या गटात खेळतात त्यातल्या संघांना २०२३ पासून सामन्याच्या दोन तास आधी कोण खेळणार, कोण नाही याची यादी जाहीर करावी लागते. बाराचा सामना म्हणजे दहा वाजता यादी. दहाला पाच कमी असताना आमच्या स्वयंपाकघरात कढईत वडे असतात, आणि तरी सगळ्यांचे डोळे फोनवर. त्याआधी गुरुवारपासून फिरणाऱ्या “आतल्या बातम्या” मी वाचते, पण मनावर घेत नाही.

मग वारा. लोक बर्फाला घाबरतात, मी वाऱ्याला. बर्फात धावणारा आणि त्याला अडवणारा दोघेही सारखेच घसरतात. ताशी वीस मैलांच्या वाऱ्यात मात्र लांबचा पास आणि लांबची किक दोन्ही बिघडतात, आणि जो संघ हवेतून खेळतो त्याचं जास्त नुकसान होतं. अर्थात बर्फही टोकाला गेला तर खेळ ओळखू येत नाही. २५ नोव्हेंबर १९५० ला कोलंबसच्या हिमवादळात मिशिगनला अख्ख्या सामन्यात एकदाही दहा यार्ड पूर्ण करता आले नाहीत, आणि तरी ते ९–३ जिंकले. चक ऑर्टमनने चोवीस वेळा चेंडू लाथेने परत पाठवला. समोरच्याची किक अडवून टचडाउन आणि सेफ्टी मिळाली, तेवढ्यावर भागलं.

घरच्या मैदानाचा फायदा किती धरायचा?

पूर्वी सरसकट तीन गुण धरायचे. आता जाणकार अडीच किंवा त्याहून कमी धरतात. या सामन्यात तर पाहुण्यांना आवाजाची सवय असतेच.

चेंडू हातातून निसटणं हे नशीब की कौशल्य?

निसटवणं थोडंफार कौशल्य आहे. निसटलेला चेंडू कोणाला मिळतो हे जवळजवळ नाणेफेकीसारखं असतं, तो लांबट असल्यामुळे कुठेही उसळतो. म्हणून एखादा संघ असे चेंडू सारखे मिळवून जिंकत आला असेल तर त्याला एक पायरी खाली धरा. समोरच्याचे पास पकडण्यात कौशल्याचा वाटा जास्त, पण तिथेही एका हंगामावर भिस्त ठेवू नका.

ताई, मग थोडे पैसे लावू का?

माझं उत्तर नाही असं आहे, आणि का ते सांगते.

कायद्याने इथे बंदी नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये खेळांवरच्या सट्ट्याबाबतचा जुना केंद्रीय कायदा रद्द केला. मिशिगनमध्ये जानेवारी २०२१ पासून आणि ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून फोनवरून सट्टा लावता येतो. वय २१ पूर्ण हवं, म्हणजे पदवीची बहुतेक पोरं तशीही बाहेरच. स्प्रेडवर नेहमीचा भाव −११०: शंभर मिळवायला एकशेदहा लावायचे. दहा वेळा लावून पाच वेळा जिंकलात तर ५०० मिळाले आणि ५५० गेले. नुसतं बरोबरीत राहायला १०० पैकी ५३ वेळा बरोबर यावं लागतं, आणि समोर असतात आठवडाभर हेच काम करणारे लोक. आमच्या ओळखीच्या एका मुलाने एका हंगामात पुस्तकांचे आणि दोन महिन्यांच्या भाड्याचे पैसे घालवले. तो हुशार होता, आकडेमोड माझ्यापेक्षा चांगली करायचा. हरलेले पैसे पुढच्या शनिवारी भरून काढायचे, या एका विचाराने त्याला खाल्लं. त्याच्या आईचा फोन मला आला होता. तशा फोनला काय उत्तर द्यायचं, हे मला अजूनही कळलेलं नाही.

आणि एक गोष्ट खेळाडूंची. कुणा एका पोराने किती यार्ड काढले यावर पैसे लावणारे लोक नंतर त्या पोराला घाणेरडे संदेश पाठवतात. ओहायोने मार्च २०२४ पासून कॉलेज खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरचा सट्टा बंद केला. चांगलं केलं, असं मी ओहायोबद्दल मोकळेपणाने म्हणते.

भारतातून लावता येईल का?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आहे. सामना मात्र जरूर बघा. इथले दुपारचे बारा म्हणजे तिकडे रात्रीचे साडेदहा. माझे बाबा जेवून, औषध घेऊन, शाल पांघरून बसतात आणि पहिला प्रश्न विचारतात, “आज लाईन (म्हणजे स्प्रेड) काय आहे गं?”

ओहायो स्टेटच्या मित्राला काय बोलू नये?

त्याच्यासमोर सारखं मिशिगन-मिशिगन करू नका. त्या आठवड्यात त्यांच्या विद्यापीठात पाट्यांवरच्या इंग्रजी एम अक्षरावर लाल पट्टीची फुली मारतात. मिशिगनला हरवणाऱ्या त्यांच्या खेळाडूंना सोन्याच्या चड्डीच्या आकाराचं छोटं पदक मिळतं, १९३४ पासून. त्यांचं प्रेम आपल्याइतकंच खरं आहे. जेवायला बोलवा.

पैसे न लावता तोलण्याची मजा कशी घ्यायची?

आमच्याकडे चिठ्ठ्यांचा डबा आहे. स्टीलचा, पूर्वी त्यात बेसनाचे लाडू यायचे. यादी जाहीर झाली की घरातल्या प्रत्येकाने कागदावर नाव, दोन्ही संघांचे गुण आणि एका ओळीत कारण लिहायचं. नुसतं “मिशिगन” लिहिलेली चिठ्ठी बाद. कारण लिहायची अट मी घातली, कारण सामना संपल्यावर “मला वाटलंच होतं” म्हणायला सगळेच पुढे असतात.

२०२४ ला डब्यात अकरा चिठ्ठ्या होत्या. मिशिगन जिंकेल असं लिहिणारी एकच, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाईंची. १७–१४. स्प्रेड म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण सप्टेंबरपासून प्रत्येक सामना त्यांनी मटार सोलत, मेथी निवडत बघितला होता. कारणाच्या जागी लिहिलं होतं: “मध्ये उभे राहतात ते दोघे दांडगे कुणाला आत येऊ देत नाहीत.” माझी चिठ्ठी होती ओहायो स्टेट ३१–१०, कारण: “क्वार्टरबॅक.”

२०२५ ला त्यांनी साताऱ्याहून फोनवर मिशिगन २०–१७ सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, या वर्षी नीट बघायला मिळालं नाही, मनाने सांगतेय. माझ्या मुलीने ते तसंच्या तसं लिहून डब्यात टाकलं.